धुरीमामांची करंगळी

आमच्या घरात काही भलतंच चांगलं घडलं, म्हणजे भर दुपारी नळाला पाणी आलं किंवा माझी पोळी चुकून गोल झाली, की कोणीतरी म्हणतंच, "आधी बोटं मोजा." मुलांना वाटायचं, हे सगळ्याच घरांत म्हणतात. परवा लेकीने तिच्या ऑफिसात पगारवाढीच्या बातमीवर हे वाक्य टाकलं, तर सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिले. घरी येऊन तिने विचारलं, "आई, पण बोटंच का?" मग मी तिला धुरीमामांची गोष्ट सांगितली. म्हणजे अर्धी सांगितली, हसायची. मी गोष्टी सांगते त्या ताटं वाढता वाढता, आणि उरलेली अर्धी जेवताना सांगण्यासारखी नाही.

लग्न होऊन मी दादरहून लालबागला आले तेव्हा गिरण्यांच्या संपाला बरीच वर्षं होऊन गेली होती. पण संप संपला असं कोणी कधी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे आमच्या चाळीतले निम्मे पुरुष तो अजून चालू असल्यासारखे गॅलरीत बसून असत. त्यांच्या पायांवरून उड्या मारत मोरीपर्यंत जायचं, हे सासरचं पहिलं शिक्षण. पहिल्याच सकाळी मी कळशी घेऊन निघाले तर एक उंच, किंचित वाकलेला माणूस समोर उभा राहिला. माझ्याकडे न बघता त्याने स्वतःचा डावा हात डोळ्यांसमोर धरला, अंगठा एकेका बोटाला लावला, आणि गिरणीच्या खात्यात बोलावं तशा आवाजात म्हणाला, "चार." मग माझ्याकडे बघून, "नवी सून मा?"

मला वाटलं, माझ्यातले दोष मोजले. मी रडवेली होऊन सासूबाईंना सांगितलं. त्या बोंबील साफ करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मनार घेव नको गो. आपण जागो आसंय काय झोपेत, ता बघता तो."

हे विष्णू धुरी, आमचे शेजारी. मधली भिंत एका विटेची, त्यामुळे त्यांचं घोरणं आमच्या घरात आणि सासूबाईंचं बोलणं त्यांच्या घरात सहज जायचं. तरुणपणी बदली कामगार असताना त्यांची डावी करंगळी सांच्याच्या, म्हणजे कापड विणायच्या मागाच्या, चाकात गेली होती. मुकादमाने रक्त पुसायला कापडाचा तुकडा दिला आणि संध्याकाळी तोच तुकडा मापात कमी भरला म्हणून आरडाओरडा केला. हे मामा हसत हसत सांगायचे. सांच्यांच्या खडखडाटाने त्यांचे कान अर्धे गेले होते आणि हळू बोलणं म्हणजे काय ते त्यांना ठाऊकच नव्हतं. पुढे जे झालं त्यात या मोठ्या आवाजाचाही हात आहे.

गंमत अशी की स्वप्नात त्यांना करंगळी असायची. स्वप्नात ते सांच्यावर उभे असत, धोटा इकडून तिकडे पळत असे आणि तुटलेला धागा ते पाची बोटांनी गाठत. जागे झाले की चार. हे त्यांच्या स्वतःच्याच लक्षात आलं होतं, आणि काही नवं दिसलं की ते मोजून खात्री करून घेत. पण त्याचा खरा उपयोग काय, ते कळायला आमचं मासिक यावं लागलं.

मी वाचनालयातून मासिकं आणायची. दादरची शिकलेली सून, तेवढा तरी तोरा नको का! एकदा मामा दाराशी बसलेले असताना मी एक लेख मोठ्याने वाचत होते. स्वप्न चालू असतानाच आपण स्वप्नात आहोत हे ओळखता येतं, शिकता येतं, असं त्यात लिहिलं होतं. दिवसभरात अनेकदा थांबायचं आणि स्वतःला मनापासून विचारायचं, मी जागा आहे की स्वप्नात? घड्याळ बघायचं, नजर फिरवून पुन्हा बघायचं. स्वप्नात काटे जागेवर राहत नाहीत. नाक दाबून श्वास घेऊन बघायचा. स्वप्नात तो घेता येतो. हाताची बोटं मोजायची. स्वप्नात ती कमीजास्त होतात. दिवसा सवय लागली की झोपेतही हात आपोआप वर येतो, आणि एकदा ओळखलं की मग स्वप्नात हवं ते करता येतं, हवं त्याला भेटता येतं.

मामांनी तो लेख माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. "हवं त्याला भेटता येतं" इथे आले की हात वर करून मला थांबवायचे.

मीही प्रयोग केला, नाही असं नाही. नाकाचा उपाय मला सोपा वाटला. सासूबाई बोंबील तळत होत्या, मी बाजूला उभी राहून मनापासून नाक दाबलं आणि श्वास घेता येतो का बघितलं. सासूबाईंनी झारा खाली ठेवला. पुढचे आठ दिवस "दादरवाल्यांका वास येता" हे मी जागेपणी, स्पष्ट शुद्धीत ऐकलं. माझा अभ्यास तिथेच संपला.

मामांचा मात्र वाढला. मामींसाठी.

मामी, म्हणजे सुमती, संपाच्या काळात वारल्या. पगार बंद झाला तसं बऱ्याच जणांनी बायकांना कोकणात पाठवून दिलं होतं. गावात निदान पेज तरी मिळेल. मामी तिथे आजारी पडल्या. गावचे गंगाराम सावंत, आमच्याच मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत राहणारे, तेव्हा गावाहून मुंबईला परतत होते. त्यांच्याजवळ निरोप दिला होता, विष्णूला ताबडतोब पाठवा. आमच्याकडच्या गावांचा सगळा कारभार असाच चालायचा, एस्टीने येणाऱ्या माणसाच्या तोंडी. गंगारामकाका मुंबईला आले आणि निरोप सांगायचा विसरले. मामी वाट बघत गेल्या. मामांना कळलं ते सगळं झाल्यावर.

निदान चाळीला ठाऊक होतं ते असं. गंगारामकाका तेव्हा थोडी घ्यायचे, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. खुद्द काकांनी पहिल्यांदा शपथा घेतल्या की मी जिन्यात गाठून सांगितलं. मामा म्हणाले, मला कोणी भेटलंच नाही. मग काकांची बायकोच त्यांना म्हणाली, तुम्हाला स्वप्न पडलं असेल. हळूहळू काकाही म्हणायला लागले की असेल, एस्टीत डोळा लागला होता, स्वप्नातच सांगितलं असेल. एक धडधाकट माणूस स्वतःच्या डोक्यावर विश्वास ठेवेनासा झाला. दारूही सुटली, पण उपयोग काय. नळ बंद केला की नाही ते तीनदा उठून बघायचे.

मामा त्यांना सोडत नसत. माझ्या नणंदेच्या साखरपुड्याचं आमंत्रण द्यायला परळला कोणाला पाठवावं असा विषय निघाला, गंगारामकाका उठून चप्पल घालायला लागले. मामा गॅलरीतून ओरडले, "तेका धाडू नका. बारशाक पोचतलो." सगळे हसले. मीही हसले असेन, वाक्य होतंच तसं. काकांनी चप्पल काढून नीट जोडीने ठेवली आणि आत गेले. त्यांचा मुलगा बंड्या तिथे कॅरम खेळत होता. तो हसला नाही. सोंगटी मारायची सोडून मामांकडे बघत राहिला.

असे हे मामा रात्री एका गोदामावर राखणदारी करायचे, सकाळी परतायचे आणि दुपारी झोपायचे. झोप म्हणजे त्यांची दुसरी पाळी होती. मामी रोज स्वप्नात येत, ही खरी अडचण. येत, आणि मामांना ते स्वप्न आहे हे कळत नसे. मग दोघं भांडत बसत. रॉकेल कोणी संपवलं, कोकमं उन्हात का घातली नाहीत. जाग आली की मामा कपाळावर हात मारून घेत. "गेलेली बाई घराक इली, आणि मी तिका रॉकेल इचारलंय," असं ते मला म्हणाले होते. त्यांना मामींना एक गोष्ट सांगायची होती. कोणती, ते सांगत नसत. "ता तिकाच. जाग्यापणी नाय जमाचा."

म्हणून तालीम. चहाचा कप उचलण्याआधी बोटं. कुणाच्या मयताला खांदा द्यायच्या आधी बोटं. भर रस्त्यात मसाला कुटायच्या डंखासमोर उभे राहून बोटं, आणि मागून हातगाडीवाल्याच्या शिव्या. चाळीला आयताच खेळ मिळाला. मामा जिन्यात दिसले की पोरंसोरं, म्हातारे, सगळे विचारायचे, "मामा, किती?" आणि मामा न चिडता, मोजून, खरं उत्तर द्यायचे, "चार." एकदा कोणीतरी त्यांच्या घड्याळाचे काटे फिरवून ठेवले. मामांनी घड्याळाकडे दोनदा बघितलं, बोटं मोजली, आणि शांतपणे म्हणाले, "घड्याळ बिघाडला." घड्याळ फसवेल, नाक फसवेल, पण करंगळी फसवणार नाही. ती नव्हतीच ना.

एकदा त्यांना जमलंसुद्धा. स्वप्नात हात वर आला, बोटं पाच भरली, समोर मामी चुलीपाशी पाठमोऱ्या. "माका इतको आनंद झालो, सूनबाई, की जागच इली." त्या दिवशी मी तो लेख काढून त्यांना पुढचं वाचून दाखवलं: ओळखल्यावर हुरळून जायचं नाही, घाई करायची नाही, शांत राहायचं. मामा शांत राहण्याचीही तालीम करायला लागले. पाच बोटं दिसली तर काय करायचं ते पाठ म्हणत. उठायचं. जवळ जायचं. हात लावायचा नाही, मोडेल. आधी सांगून टाकायचं.

हे त्यांनी मला सांगितलं. म्हणजे त्यांच्या आवाजात सांगितलं, म्हणजे सगळ्या मजल्याला सांगितलं.

गणपती जवळ आले होते. चाळीमागच्या शेडमध्ये मूर्तींचा कारखाना, आणि बंड्या तिथे रंगकामाला जायचा. त्याने शाडूची एक करंगळी केली. गणपतीच्या हाताची बोटं करून करून त्या लोकांचा हात इतका बसलेला असतो की नखाच्या मुळाशी असते ती चंद्रकोरसुद्धा त्याने सोडली नव्हती. मामांच्या कातडीचा रंग लावला. ती कॅरमवर ठेवून सगळ्यांना दाखवली. वाहवा झाली.

मामा दुपारी दार उघडं टाकून झोपत. बंड्याने आत जाऊन त्यांच्या डाव्या हाताच्या खुंटावर ते बोट चिकटवलं. तेवढ्यावर थांबला असता तरी चाळीला पुढे वर्षभर पुरलं असतं. पण मामींचं हिरवं लुगडं अजून दांडीवर होतं, धुऊन, घडी घालून. ते त्याने पक्याला नेसवलं. पक्या मंडळाच्या नाटकात बायकांची कामं करायचा, अंगाने बारीक. त्याला स्टोव्हपाशी दाराकडे पाठ करून बसवला आणि स्टोव्हला पंप मारायला लावला.

आम्हा बायकांना एवढंच कळलं होतं की धुऱ्याकडे काहीतरी मज्जा आहे. मी सासूबाईंच्या मागे, कोणाच्या तरी खांद्यावरून डोकावत होते. दाराबाहेर पदराचे, रुमालाचे बोळे तोंडात कोंबून माणसं उभी. बंड्याने आपल्या वडिलांनाही धरून आणलं होतं. इतक्या वर्षांत बाप हसलेला नाही, आज हसेल, असं त्याचं म्हणणं. काकांना भिंतीला टेकवून उभं केलं होतं.

स्टोव्हच्या आवाजाने मामा जागे झाले. उठून बसले. सवयीने हात वर आला, अंगठा एकेका बोटावरून पुढे सरकला, आणि शेवटच्या बोटाला टेकला. तिथेच राहिला. त्यांनी पुन्हा मोजलं. मग मान वळवून बघितलं. हिरवं लुगडं, वाकलेली पाठ.

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं, दुसऱ्याने त्याला चिमटा काढला. मामांच्या कानांपर्यंत ते पोचलं नाही. ते हुरळले नाहीत. तालमीत ठरलं होतं तसे उठले, जवळ गेले, हात मागे धरून उभे राहिले. आणि बोलले. मी आधी म्हटलं तसं, हळू बोलणं त्यांना येत नव्हतं.

"सुमती. गंगारामान निरोप दिल्यान होतो. जिन्यात गाठून दिल्यान. मी आयकलंय."

बाहेर तोंडातले बोळे खाली आले.

"सोमवारी गिरण उघाडतली, असा सगळे बोलत होते. पयलो जो गेटार, तेचे सांचे तेका. माका वाटला, चार दिवस तू काढशीत. मी गेटार उभो रवलंय. तू गेलंस. मगे लोकांका काय सांगू? गंगाराम पितो, तेच्यार ढकललंय." मग म्हणाले, "आता तू काय ता बोल."

पक्या काय बोलणार? त्याला नुसतं बसायला सांगितलं होतं. त्याचा हात पंपावर तसाच, खांदे आखडलेले. मामांनी वाट बघितली. मग ठरलेलं मोडून त्यांनी हात पुढे केला आणि त्या खांद्यावर ठेवला. पक्या दचकून बाजूला झाला, त्या झटक्याने करंगळी निसटली आणि लादीवर पडून तिचे तुकडे झाले.

मामांनी खाली बघितलं. मग हात वर धरला. अंगठा फिरला. समोर लुगड्यात पक्या, मिसरूड फुटलेला, रडकुंडीला आलेला. दारात आम्ही सगळे.

गंगारामकाका भिंत सोडून पुढे आले. बंड्या मामांच्या अंगावर जायला निघाला होता, त्याला त्यांनी हाताने मागे सारलं. मामांकडे त्यांनी बघितलंही नाही. ते आपल्या बायकोकडे वळले आणि अगदी साध्या आवाजात, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसे म्हणाले, "म्हणजे मी जागो होतंय."

त्या दिवसापासून चाळीत कोणी मामांना "किती?" विचारलं नाही. कोणी काहीच विचारलं नाही. त्यांच्याकडे जाणारी आमटीची वाटी बंद झाली. सासूबाईंनी मधल्या भिंतीला लागून धान्याचा डबा सरकवला. त्याने काय होणार होतं, पण सरकवला. गणपतीत मंडळाने त्यांना आरतीचं ताट दिलं नाही. बंड्याला मात्र सगळ्यांनी खांद्यावर घेतलं. त्याच्या शाडूच्या बोटाने सत्य बाहेर आलं म्हणून. पक्याने त्यानंतर नाटकात काम केलं नाही, पण ते कोणी मोजत नाही.

गावच्या मंडळाची बैठक झाली. एकाने सुचवलं की धुऱ्याने सगळ्यांसमोर माफी मागावी. काका म्हणाले, बैठकबिठक नको. तो झोपेत बोलला. माझ्या दारात येऊन, मला, जागेपणी सांगू दे. मग संपलं.

मामा आले. राखणदारी करून सकाळी परतताना ते कोपऱ्यातल्या खोलीपाशी थांबले. काका दारात चहा घेत बसले होते. कप खाली न ठेवता त्यांनी विचारलं, "किती?"

मामांनी हात वर धरला, मोजलं. "चार."

"मगे बोल."

मामांचा जबडा हलला. शब्द आला नाही. लुगड्यातल्या पक्याला त्यांनी एका दमात सगळं सांगितलं होतं, आणि इथे नुसतं "निरोप दिललंस" एवढंही निघेना. थोडा वेळ उभे राहून ते आपल्या खोलीकडे गेले.

दुसऱ्या दिवशी तेच. नंतर रोज तेच. काका "किती?" म्हणायचे, मामा "चार" म्हणायचे, काका "मगे बोल" म्हणायचे. मामा उभे राहायचे आणि जायचे. काकांनी त्यांना कधी शिवी दिली नाही, कधी जा म्हटलं नाही, आणि एकदाही सोडलं नाही. उलट तब्येत सुधारली त्यांची. नळ एकदाच बघायचे. माणसं आपापल्या दारात चहा घेऊन बसायला लागली. पाणी भरायची वेळ बायकांनी पुढे ढकलली. मीही माझी रिकामी कळशी घेऊन नेमकी तेव्हाच मोरीकडे निघायची; आमच्या मजल्यावर तेवढं एकच रोजचं, फुकटचं नाटक होतं, आणि मी दादरची, मला नाटकांची आवड.

मला आधी वाटायचं, आज बोलतील. मग वाटायला लागलं, न बोलले तर बरं, उद्याही बघायला मिळेल. मामा आता दिवसात बोटं मोजत नसत. त्या दारात मोजत, तेवढीच. दुपारी भिंतीपलीकडून घोरणंही ऐकू येईनासं झालं. सासूबाई म्हणायच्या, पडून असतो, छपराकडे बघत.

काका गेले ते झोपेत, पहाटे. मामा त्यानंतर महिन्याभरात खोली पुतण्याच्या हवाली करून गावी गेले आणि मला पुन्हा दिसले नाहीत. पण मला ते आठवतात ते त्या सकाळचे.

मयताला माणसं जमली होती. दारात चपलांचा ढीग. मामा कामावरून परतले, त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. ते नेहमीच्या जागी येऊन थांबले. आत काकांना घोंगडीवर ठेवलं होतं, डोकं दाराकडे. बंड्या पायाशी बसलेला. माणसं बाजूला झाली, वाट करून दिली असं नव्हे, जवळ उभं राहायला नको म्हणून. मामा खालच्या त्या चेहऱ्याकडे बघत राहिले. "किती?" विचारणारं आता कोणी नव्हतं.

मग त्यांनी आपणच हात वर धरला. अंगठा एकेका बोटाला लावत शेवटपर्यंत नेला, तो रिकाम्या जागी येऊन थांबला.

"चार," ते म्हणाले. मोठ्याने, त्यांना दुसरं येत नव्हतं.

आणि ते वाट बघत उभे राहिले, पुढचे दोन शब्द कोणीतरी म्हणेल म्हणून. बंड्याने मान वर केली, त्यांच्याकडे बघितलं आणि पुन्हा वडिलांच्या अंगावरची चादर सारखी करायला लागला.